अकरावी तार

थोरल्या इसोगाईंचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध दुपारी दोनपर्यंत अगदी नीट पार पडलं, आणि मग क्योझोने सगळ्यांदेखत शाई मागितली.

मठातले भिक्खू जेवून, ढेकर दाबत गेले होते. ओसाका-कोबेकडचे शिष्य दारात एकमेकांपेक्षा जास्त वाकायची चढाओढ संपवून गेले होते. मागे राहिली ती घरचीच पाच माणसं. हारुए तिळाच्या टोफूच्या वाट्या गोळा करत होती. कुणीही आपला टोफू संपवला नव्हता, हे तिने केव्हाच पाहून ठेवलं होतं.

"राहू देत त्या वाट्या," तिचा नवरा म्हणाला. "शाईचा दगड आण. आणि घराण्याचा शिक्का."

"आत्ता? आज?"

"आजच. बाबांसमोर."

क्योझोने आवाज चढवला की हारुएला काही वाटत नसे. दिवसभर शिष्यांना कोतो हे तेरा तारांचं वाद्य शिकवणारा माणूस, आवाज चढायचाच. तो असा खालच्या पट्टीत बोलायला लागला की मात्र ती हातातलं काम टाकून ऐकायची. मंगळवारी तो कुणाला न सांगता ओसाकाला गेला होता आणि छत्री तिथेच विसरून भिजत परत आला होता. तेव्हापासून चार दिवस तो भाजीवाल्याशी बोलत होता, शिष्यांशी बोलत होता, पण पोटच्या पोरीकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं.

तिने शाई आणून ठेवली. क्योझोने किमोनोच्या बाहीतून घडी केलेला कागद काढून चटईवर पसरला. मजकूर लिहून तयार होता, नाव तेवढं घालायचं बाकी होतं.

"मिसाओ," तो म्हणाला, "तुला दिलेलं घराण्याचं नाव मी काढून घेतोय. उद्या सगळ्या घराण्यांना पत्र जाईल."

देव्हाऱ्याजवळ बसलेल्या म्हाताऱ्या तोमेने, क्योझोच्या आईने, उदबत्ती सरळ केली. सरळच होती ती.

"अहो, पण केलं काय तिने?" हारुए म्हणाली. असं पत्र गेलं की पोरीला कुठल्याही व्यासपीठावर जागा मिळणार नव्हती, एक शिष्य येणार नव्हता. सव्विसाव्या वर्षी तिचे हात कापून टाकल्यासारखंच होतं ते.

"तिला विचार. नाहीतर याला विचार." क्योझोने धाकट्या भावाकडे न बघता हनुवटी हलवली. "मंगळवारी मी याने वाद्यवृंदासाठी रचलेल्या संगीताची तालीम ऐकायला गेलो होतो. चोरून. पन्नास वादकांपुढे बसून आपली पोर कशी वाजवते ते बघावं म्हटलं. बापाला हौस! मागच्या रांगेत जाऊन बसलो. आणि व्हायोलिनवाल्यांनी 'रिकामी होडी' सुरू केली."

'रिकामी होडी' ही घराण्याची गुप्त रचना. प्रमुखाने ती मरणाआधी एकालाच द्यायची, समोर बसवून, ऐकवून, आणि कागदावर साधी खूणही न करता. थोरल्यांनी ती क्योझोला दिली होती, आणि यंदाच्या वसंतात क्योझोने मिसाओला. अठ्ठावीस वर्षं या घरात काढून हारुएने तिचा एक सूर ऐकला नव्हता. शिकवणीच्या आठवड्यात तिची रवानगी माहेरी झाली होती.

"पहिला टप्पा संपेपर्यंत बसलो," क्योझो म्हणाला. "मग पुढचं ऐकवेना म्हणून उठून आलो. जगात ही रचना दोघांना येते. एक मी. मी काही ती कुणाला दिलेली नाही."

"दादा, मिसाओनेही दिलेली नाही," शुहेई म्हणाला. "मी लहानपणी ऐकली होती. दारामागून."

"दारामागून!" क्योझो हसला. "बाबा ती वर्षातून एकदा वाजवायचे. हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवशी, पहाटे, घर रिकामं करून. तू तेव्हा सहा-सात वर्षांचा शेंबडा पोर. अकरा मिनिटांची रचना दारामागून ऐकलीस आणि पस्तीस वर्षं पाठ राहिली? हे मी आत्ता बाबांच्या फोटोसमोर ऐकून घ्यायचं?"

"मग माझं नाव घाल पत्रात. मी लिहिली, मी वाजवून घेतली. मला हाकल."

"तुला कुठून हाकलू? तू एकोणिसाव्या वर्षीच गेलास. बाहेर असलेल्याला बाहेर काढता येत नाही, शुहेई."

हारुएला आता धीर धरवेना. या दोघा भावांची दिलजमाई तिनेच केली होती. मिसाओला काकाच्या रचनेत वाजवू द्या म्हणून महिनाभर नवऱ्याच्या मागे लागली होती ती. "भावजी," ती म्हणाली, "टोकियोतले लोक तुम्हाला नावं ठेवतात की तुम्ही पाश्चात्त्य वाद्यवृंदात किमोनो घालून शिरलात. आणि इथे आम्ही म्हणतो, की तुम्ही आमच्या चटईवर बूट घालून आलात. तरी मी चालवून घेतलं. पाटावर बसवून जेवायला वाढलं. त्या बुटांनी माझ्या लेकीलाच तुडवायचं होतं होय?"

शुहेईने मान खाली घातली. वहिनीचं चुकत नव्हतं. आणि जे खरं होतं ते तो अर्धंच सांगू शकत होता.

तो दारामागे नव्हता. तो त्याच खोलीत, गाद्यांच्या कपाटात होता. त्याची छाती लहानपणी नाजूक. हिवाळ्यातल्या पहाटे बाहेर धाडला असता तर पोर हाती लागलं नसतं, म्हणून आईने त्याला रजयांमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला आणि आंधळ्या बापाला घर रिकामं आहे असं सांगितलं. सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत दर हिवाळ्यात. हे सांगायचं म्हणजे आईला दादासमोर उघडं पाडायचं.

पुढे टोकियो, पियानो, मग पंधरा वर्षं तलवारबाजीच्या सिनेमांचं संगीत. मग पॅरिस. तिथे एका थंड खोलीत तापाने फणफणून तो अंगावर असतील नसतील ती पांघरुणं घेऊन पडला होता, आणि अंधारात, लोकरीच्या वासात, 'रिकामी होडी' पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐकू आली. उठून त्याने ती पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांच्या कागदावर उतरवली. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चोर म्हणवून घ्यायला त्याची ना नव्हती. पण त्यानंतर लिहिलेलं सगळं, आता दहा दिवसांनी ओसाकात वाजायचं होतं ते सगळं, त्याने तिसऱ्या टप्प्यातल्या एका सुरापर्यंत पोचण्यासाठी लिहिलं होतं. तिथे सगळी व्हायोलिनं थांबतात आणि तो एकटा सूर उरतो.

"मिसाओ, तू तरी तोंड उघड!" हारुए म्हणाली. "दातखीळ बसली का?"

"मी दिली नाही, आई."

"मग महिनाभर तालमीत ऐकत होतीस, ते मला येऊन का सांगितलं नाहीस?" क्योझोने विचारलं. चार दिवसांत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मिसाओजवळ उत्तर होतं, आणि तेच जिवावर आलं होतं. काकांनी लिहिलेली रचना आणि वडिलांनी शिकवलेली रचना यांत एका सुराचा फरक होता. तिसऱ्या टप्प्यात अकरावी तार एकटीच वाजते. वडिलांनी तिला डाव्या हाताने ती तार दाबून सूर अर्धी पायरी वर चढवायला शिकवलं होतं. "हाच तो सूर," ते म्हणाले होते. "इतका विचित्र, इतका दुखरा. याच्यासाठी ही रचना गुप्त ठेवली आहे." तिने बोट सोलून निघेपर्यंत तो घोटला होता. आणि पहिल्याच तालमीत व्हायोलिनांनी तोच सूर खाली, मोकळा वाजवला, आणि तो जागच्या जागी असा बसला की तिच्या अंगावर काटा आला.

बाबा, सूर वेगळा आहे, एवढं म्हटलं असतं की सुटली असती ती. पण मग बरोबर कुठला, हे या घरातल्या कुणालाही एकदा ऐकून कळलं असतं. म्हणून ती महिनाभर मूग गिळून बसली होती, आणि आताही तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

क्योझोने ब्रश शाईत बुडवला.

"थांबा," हारुए म्हणाली. "माझ्या माहेरी कापड रंगवतात. दोन कारागिरांनी एकच निळा रंग दिला तरी माझे वडील सांगायचे, हा अमक्याचा हात, हा तमक्याचा. तुम्ही एवढे मोठे गुरू. भावजींना वाजवायला लावा. पोरीने शिकवलं असेल तर तिचा हात त्यात दिसेलच की."

"तुझ्यादेखत? ती रचना?"

"ओसाकात दोन हजार लोक ऐकणार आहेत. माझ्या दोन कानांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

क्योझोने ब्रश दगडाच्या कडेला टेकवला आणि भिंतीशी ठेवलेल्या कोतोकडे बोट दाखवलं.

तारा छेडायला बोटांत घालायच्या मिसाओच्या नख्या शुहेईच्या बोटांत जेमतेम बसल्या. वीस वर्षांत त्याने कोतोला हात लावला नव्हता. त्याने तारांखालच्या घोड्या हलवून तारा लावल्या त्याच मुळी चाचपडत. क्योझोने समाधानाने डोळे मिटले. आता काय ऐकू येणार हे त्याला माहीत होतं. मिसाओला सूर सोडताना किंचित उशीर करायची सवय आहे, ती ऐकू येणार.

ती ऐकू आली नाही. बोटं गंजलेली होती, दोन ठिकाणी अडखळलीही, पण एकेक ओळ येत होती ती सरळ बाबांची. सुरू व्हायच्या आधी घेतलेला तो श्वाससुद्धा. क्योझो शिक्षा द्यायला बसला होता आणि नकळत मान डोलवू लागला. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. तिसरा सुरू झाला आणि अकरावी तार मोकळी वाजली.

एक क्षण, अगदी एकच क्षण, क्योझोला घरी पोचल्यासारखं वाटलं. मग त्याने डोळे उघडले.

"चुकलास!" तो ओरडला. आणि मोठमोठ्याने हसायला लागला. "चुकलास रे! ती दाबायची असते! असं!" गुडघ्यांवर पुढे सरकत त्याने डाव्या हाताने तार दाबली आणि उजव्याने छेडली. सूर खोलीत तिरपा होऊन उभा राहिला. "हा! हा आहे तो सूर! रचनेचा प्राणच तुला सापडला नाही!"

"म्हणजे यांनी मिसाओकडून नाही घेतली," हारुए पटकन म्हणाली. "तिच्याकडून घेतली असती तर चुकली नसती."

क्योझो थांबला. बायकोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग कागद उचलून त्याने उभा फाडला. "खरंच दारामागून ऐकलीस की काय तू, लेका," तो म्हणाला. हारुएचा जीव भांड्यात पडला आणि ती पदरात तोंड लपवावं तशी बाहीत तोंड लपवून रडायला लागली.

शुहेई मात्र त्या दाबलेल्या तारेकडे बघत होता. त्याने आईकडे पाहिलं. तोमे उदबत्तीकडे बघत होती. मिसाओकडे पाहिलं, तर तिने नकळेल इतकी मान हलवली. नको, काका. त्याला सगळं नाही, पण पुरेसं समजलं.

"असेल, दादा," तो म्हणाला. "लहान होतो. नीट ऐकू आलं नसेल."

"मग आता नीट ऐक." क्योझोचा चेहरा उजळला होता. "लिहायला नको होतीस, पण लिहिलीस. गाडलेलं वर आलंच आहे, तर बाबांचं म्हणून जे लोकांच्या कानावर जाईल ते चुकीचं जाता कामा नये. वाजव ओसाकात. माझी परवानगी आहे. घराण्याचा प्रमुख म्हणून देतोय. मी पहिल्या रांगेत बसेन. फक्त तो एक सूर बदल. आत्ता, इथे, बाबांसमोर."

असं या घराण्यात कधी घडलं नव्हतं. पोरीचं नाव राहत होतं, कार्यक्रम होत होता, बावीस वर्षांनी भाऊ पहिल्या रांगेत येऊन बसणार होता. आणि यासाठी हवी होती अर्धी पायरी.

शुहेईने पिशवीतून स्वरलिपीचं जाडजूड बाड काढलं. पान शोधलं. एका ठिपक्यापुढे एक छोटी खूण करायची, बस्स. त्या खुणेने त्याची सगळी रचना लंगडी होणार होती, आणि हे फक्त त्याला आणि मिसाओला कळणार होतं. पुढची शंभर वर्षं लोक तोच सूर थोरल्या इसोगाईंचा म्हणून ऐकणार होते. त्याने पेन्सिलीचं टोक कागदाला लावलं.

"शुहेई," तोमे म्हणाली, "पेन्सिल खाली ठेव."

ती देव्हाऱ्याकडे पाठ करून बसली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने कधी नवऱ्याकडे पाठ केली नव्हती.

"त्याचा सूर बरोबर आहे, क्योझो. मोकळाच. मी त्याला गाद्यांच्या कपाटात लपवायची. नऊ हिवाळे ऐकलंय त्याने, आणि मी त्याहून जास्त. तुझ्या शिकवणीत त्या दिवशी यांच्या कोतोची घोडी सरकली होती."

"काय बोलतेस तू?"

"युद्धानंतरचा दुसरा हिवाळा. घरात कोळशाचा तुकडा नव्हता. लाकूड आकसलं होतं, घोड्या जागेवर राहत नव्हत्या. तिसरा टप्पा पहिल्यांदा वाजवताना अकराव्या तारेची घोडी सरकली आणि तिन्ही वेळा सूर वर गेला. तू तेच ऐकलंस आणि तेच उचललंस. तुझी काय चूक?"

"बाबांचे कान," क्योझो म्हणाला. "तीन घरं पलीकडे कुणाची तार उतरली तर त्यांना कळायचं."

"आधी कळायचं. युद्ध संपलं तेव्हा कान जवळजवळ गेले होते. आंधळा तर आंधळा, वर बहिरा कोतोवाला, लोक तमाशा बघायला येतील म्हणायचे. माझ्याकडून शपथ घेतली होती."

"मी परत वाजवून दाखवलं होतं. दाबून. ते 'बरोबर' म्हणाले होते."

"तुझं वाजवून झालं की मी मागच्या पडद्याआडून त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. हात ठेवला की ते 'बरोबर' म्हणायचे."

हारुएने रडणं थांबवलं होतं.

"म्हणजे 'बरोबर' तू म्हणालीस," क्योझो म्हणाला.

"एक टप्पा तीनदाच वाजवायचा, असा नियम. चौथ्यांदा वाजवा म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. तुझ्यासमोर." तोमेचा आवाज फाटला. "मला वाटलं, पुढे कधीतरी सांगेन. हे गेल्यावर सांगेन. मग हे गेले आणि तू प्रमुख झालास."

"आणि दर हिवाळ्यात मी त्या पहाटे वाजवायला बसलो. बारा वेळा. वाजवून झालं की तू दार सरकवून चहा घेऊन यायचीस."

"हो."

"चहा ठेवून काय म्हणायचीस, आई?"

तोमे मांडीवरची बाही सारखी करत राहिली.

"'अगदी यांच्यासारखं वाजलं,' म्हणायचीस."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता आठवून सांगत होता. मग त्याने फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे एकावर एक ठेवले, बाजूला सारले, आणि प्रमुखाच्या जागेवरून उठला. शुहेईच्या समोर, कोतोच्या पलीकडे, शिष्य बसतात तिथे जाऊन गुडघे मोडून बसला.

"दादा, हे नको," शुहेई कासावीस होऊन म्हणाला. "उठ तिथून."

"मिसाओ, तू थांब. तुलाही परत शिकायचंय. दुसरा कोतो आण माझ्यापुढे." क्योझोने नख्या चढवल्या. "हारुए, आईला बाहेर घेऊन जा. ही रचना ऐकायचा तिला अधिकार नाही."

हारुए जागची हलेना. सासूबद्दल तिच्या मनात अठ्ठावीस वर्षांची खूप गाऱ्हाणी होती, पण हे ऐकून तिचं काळीज लकाकलं. "अहो, म्हातारं माणूस आहे, आजच्या दिवशी तरी..."

"असू दे ग," तोमे म्हणाली. "मी जाते."

जमिनीवर हात टेकून ती उठली. देव्हाऱ्याला नमस्कार करायचा राहून गेला. हारुएने दंडाला धरून तिला ओसरीवर आणलं आणि दार सरकवलं. ओसरीच्या गार फळ्यांवर तोमे तिथेच बसली. आत चला, शेगडीपाशी बसा, असं हारुए दोनदा म्हणाली, पण तिला ते ऐकू गेल्यासारखं दिसलं नाही.

आत शुहेई वाजवू लागला. तिसरा टप्पा, सावकाश. तार मोकळी वाजली. मग क्योझोने तोच टप्पा घेतला. त्याचे हात शुहेईपेक्षा कितीतरी तयार, ओळ कशी पाण्यासारखी आली, आणि अकराव्या तारेपाशी डावा हात आपणहून पुढे जाऊन दाबला गेला. तो थांबला. परत सुरुवातीपासून घेतलं. परत हात दाबला गेला.

तोमेने दोन्ही मुठी तोंडावर धरल्या. दाराच्या कागदापलीकडून शुहेईचा आवाज आला, हळू, पण स्पष्ट.

"दादा, चुकलं. परत."